चूप म्हणजे चूप

सोमवार, ६ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, राग आला की कागदावर उतरवा, म्हणजे ब्लडप्रेशर चढणार नाही. सुट्या भागांच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली ही डायरी कपाटात पडून होती, ती काढली. आधीची पानं कोरी गेली ती गेली. राग भरपूर साठलाय, उरलेली पानं पुरली म्हणजे मिळवली.

आजचा राग त्या दुकानदारावरच. त्याच्याकडून गळती शोधायचं यंत्र घेतलं होतं. लांब वाकडी मान, टोकाला नाक. एसीच्या गॅसचा वास लागला की ते टिकटिकतं आणि गळतीच्या जवळ गेलं की चिवचिवाट करतं, म्हणून शेडमध्ये आम्ही त्याला चिमणी म्हणतो. ही तिसरी चिमणी, आणि तिन्ही मुक्या निघाल्या. परत द्यायला गेलो तर त्याने काउंटरवरच गॅसचा डबा जरासा उघडला, चिमणी त्याच्या तोंडाशी धरली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. "चालतेय की काका!" मी म्हटलं, कुठे चालतेय? त्याने परत धरली. शेजारी उभा असलेला माणूस हसायला लागला. त्यालाही आधीच पढवून ठेवलेलं असणार. इतकी वर्षं माल घेतोय त्याच्याकडून, आणि तोंडावर खोटं बोलतो. चिमणी त्याच्या काउंटरवर आपटून आलो. मग अर्ध्या वाटेतून परत जाऊन घेऊन आलो, फुकट कशाला सोडायची.

तशी मला यंत्राची गरज नाही. गाडीच्या एसीची गळती मी कानाने शोधतो. सगळा गॅस काढून घ्यायचा, पाइपांत दाबाने नायट्रोजन भरायचा आणि मग मी म्हणतो, "चूप!" पंखा बंद, हवेचा पंप बंद, मोबाइल बंद, गिऱ्हाईक उभं असेल तर त्याचंही तोंड बंद. रबरी नळीचं एक टोक माझ्या कानात, दुसरं टोक मी पाइपांवरून, सांध्यांवरून फिरवत नेतो. सुईच्या अग्राएवढं भोक असलं तरी तिथे नायट्रोजन बारीक सूं करतो. मी "झालं" म्हणेपर्यंत कुणी बोलायचं नाही. चूप म्हणजे चूप. एका पोरट्याला शिंकला म्हणून मी कामावरून काढलं होतं. उगीच नाही लोक मला कानमिस्त्री म्हणत.

बुधवार, ८ एप्रिल

या घरात सगळ्यांना तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागलीय. हिला किती वेळा सांगितलं, बोलायचं असेल तर तोंड उघडून बोल. ही पाठमोरी उभी राहून, नळ सोडून, भांडी विसळता विसळता बोलणार आणि मग म्हणणार, "एवढं सांगितलं ते ऐकलंत का?" आता जेवायलाही माझ्या शेजारी बसत नाही, समोर बसते. कशावर रुसलीय देव जाणे. मी विचारणार नाही.

दाराची बेल बिघडलीय. दुरुस्त करायला सांगितलं तर ही म्हणते, चांगली आहे. चांगली आहे तर पेपरवाला अर्धा तास उभा का होता?

समोरच्या झाडावर चिमण्या दिसतात, पण हल्ली ओरडत नाहीत. उन्हाने त्यांचाही घसा सुकला असेल.

गुरुवार, ९ एप्रिल

केकवालीची गाडी परत आली. गेल्या महिन्यातच दुरुस्त केली होती. बाई घरी केक करते आणि गाडीतून पोचवते. गाडीत गारवा नसेल तर केकवरचं क्रीम रस्त्यातच बसतं, म्हणजे तिचा धंदाच बसला. ती रागावली, हे मी समजू शकतो. पण "मिस्त्री, नीट बघितलं होतंत ना?" हे मी समजू शकत नाही. बघितलं नव्हतं, ऐकलं होतं! आणि मी ऐकलं म्हणजे विषय संपला. गेल्या खेपेला कॉम्प्रेसरजवळच्या सांध्यात रबरी रिंग धाकटीने घातली होती. संशय घ्यायचा तर तिथे घ्यावा.

धाकटी म्हणजे माझी धाकटी लेक. थोरली लग्न होऊन परगावी गेली. धाकटी शिकली आणि मग कुठे ऑफिसात न बसता माझ्याच शेडमध्ये आली. मी बोलून दाखवत नाही, पण शेड पुढे तिच्याच हातात जायची आहे. हात चांगला आहे तिचा. फक्त हल्ली एक खूळ घेतलंय. आम्ही घरी निघालो की ती मागे थांबते. "पुसून आवरून येते," म्हणते. एवढं काय पुसायचं असतं? एकदा परत फिरलो तर मी तयार करून ठेवलेल्या गाडीचं बॉनेट उघडं, आणि माझी नळी तिच्या गळ्यात. म्हटलं, काय चाललंय? तर म्हणे धूळ बसते. धूळ!

शुक्रवार, १० एप्रिल

केकवालीची गाडी केली. तिला घाई होती म्हणून ती तिथेच स्टुलावर बसून राहिली.

नायट्रोजन भरला. "चूप!" म्हटलं. आमचा मदतनीस नाजूक (अंगाने दरवाजाएवढा आहे, म्हणून नाव नाजूक) त्याने पंखा बंद केला. अशी शांतता झाली की वा. मी नळी कानात घातली आणि पुढून मागे निघालो. कंडेन्सर, दोन्ही व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरचा सांधा, मग इंजिनामागच्या पत्र्याकडे जाणारा लांब पाइप. काही नाही.

पण शिस्त म्हणून काही राहिलेली नाही. मी पाइपावर असताना केकवालीने शाळेतल्यासारखं बोट वर केलं. मी डोळे वटारले. नाजूक आधी माझ्याकडे बघत होता, मग धाकटीकडे, मग छताकडे. धाकटीने तर चक्क तोंड उघडलं. मी हात वर केला, चूप म्हणजे चूप. माझ्या पोटची पोर, नियम तिला माहीत नाही?

सगळीकडे कान लावून झाला, तेव्हा मी म्हणालो, "झालं. एकदम घट्ट."

 सगळे एकमेकांकडे बघत होते. ही एकमेकांकडे बघायची सवय मला मुळीच आवडत नाही. मग धाकटी जवळ येऊन काहीतरी पुटपुटली. काय ते धड कळलं नाही, पण बोट गाडीकडे होतं, म्हणजे काढली असेल काहीतरी खुसपट. मी म्हटलं, "रिंग तूच घातलीस ना? मग झालं तर." गिऱ्हाइकासमोर मिस्त्रीला शंका विचारायच्या नसतात, एवढंही कळू नये? गॅस कमी पडला होता एवढंच, तो भरला आणि केकवालीला पाठवून दिलं. जाताना ती म्हणाली, "नक्की ना मिस्त्री?" मी नुसता माझ्या कानाला हात लावून दाखवला.

नायट्रोजनचा दाब दाखवणारा काटा शेवटी किंचित खाली आला होता. गेज जुना झाला. तोही बदलायला हवा.

बुधवार, १५ एप्रिल

विशेष काही नाही. फोन वाजतच नाही हल्ली, नुसतीच न घेतलेल्या फोनांची रांग दिसते. फोनच्या कंपनीशी भांडलो. माणूस तिकडून पुटपुटत होता. ठेवून दिला.

शनिवार, १८ एप्रिल



दुपारी केकवाली गाडी घेऊन आली आणि दार उघडून मागच्या सीटवर काय आहे ते दाखवलं. कुणाच्यातरी पन्नासाव्या वाढदिवसाचा केक. "तीन मजली होता, मिस्त्री," ती म्हणाली. "पोचेपर्यंत तळमजला उरला." रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, शंभर पाहुण्यांसमोर ती तो बसलेला केक हातात घेऊन उभी होती आणि यजमानीणबाईंनी सगळ्यांदेखत तिचा हिशोब तिथल्या तिथे मिटवून टाकला, पुढच्या वर्षीच्या कामासकट. "मी तुमच्या कानाच्या भरवशावर गेले."

माझ्या कानाच्या! माझ्या कानाने आजवर कुणाला दगा दिलेला नाही. मी धाकटीला हाक मारली आणि सगळ्यांसमोर विचारलं, ती रिंग घालताना तेल लावलं होतंस का, पिळली गेली का, बघितलं होतंस का? तिने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, आत चला, मी सांगते." आत कशाला? चूक बाहेर झाली, सांगायचं बाहेर. मी म्हटलं, "ज्याच्या हातचं काम परत येतं, त्याने माझ्या शेडमध्ये उभं राहायचं नाही. उद्यापासून येऊ नकोस."

तिने हात पुसले, फडकं घडी घालून बाकावर ठेवलं आणि निघाली. नाजूक रडवेला झाला होता. एवढा मोठा माणूस!

मी बरोबर तेच केलं. नियम सगळ्यांना सारखा.

रविवार, १९ एप्रिल

घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तसंही इथे कोण काय बोलतं ते कळतच नाही म्हणा, पण आज ओठही हलत नव्हते.

बुधवार, २२ एप्रिल

धाकटीने शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. शोरूममध्ये! जिथे सांधा गळला की अख्खी यंत्रणा बदलतात आणि गिऱ्हाइकाला काचेच्या खोलीत मासिक वाचायला बसवतात. मी कधी वाईट चिंतलं नाही कुणाचं, पण त्या शोरूमचं मी चिंततो, आणि आज माझी मुलगी तिथे निळा गणवेश घालून गेली. ही मला म्हणाली, "तुम्हीच घालवलंत." हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. हिला मोठ्याने बोलता येतं, मनात असलं की.

संध्याकाळी दोन गाड्या तयार करून दिल्या. नाजूकला "झालं" म्हटलं की तो पूर्वी पंखा लावायला धावायचा. आता उभाच राहतो.

शनिवार, २५ एप्रिल

बुधवारच्या दोन्ही गाड्या परत आल्या. दोन्ही! आणि या दोन्हींना धाकटीचा हात लागलेला नव्हता. रिंगांचा अख्खा लॉटच खराब असणार. दुकानदाराला फोन केला आणि भरपूर सुनावलं. तो काय म्हणाला ते माहीत नाही, पण मी सुनावलं.

केकवाली तिची गाडी शेडमध्ये सोडून गेली. भावाची गाडी मागून काम चालवतेय. म्हणाली, "या वेळी ठीक होईपर्यंत मी ती हलवणार नाही. आणि ठीक झाली हे मला कुणीतरी दुसऱ्याने सांगायला हवं." दुसऱ्याने! रात्रभर माझा डोळा लागायचा नाही.

रविवार, २६ एप्रिल

सुट्टी असून सकाळी शेडमध्ये गेलो. एकटाच. म्हटलं, आज या गाडीचा काय तो निकाल लावतो.

नायट्रोजन भरला. नळी कानात घालून सगळीकडून फिरलो. काही नाही. कानाचा नाद सोडून साबणाचं पाणी घेतलं आणि ब्रशने सगळ्या सांध्यांना लावलं. काही नाही. मग राहता राहिला तो लांब पाइप. मागच्या पत्र्याजवळ तो एका पट्टीने आवळलेला असतो. पट्टीखाली साबण जात नाही, म्हणून बोल्ट काढून पट्टी सोडवली. तर खाली पाइप घासून घासून चमकत होता. तिथे ब्रश लावला.

फेस आला. साधासुधा नाही, दूध उतू जावं तसा वर आला आणि पाइपावरून खाली ओघळला.

सापडली! रिंगेचा काही संबंध नव्हता. पण मग आवाज? एवढा फेस येतो तिथे नायट्रोजन शिट्टी वाजवतो, शेजारच्या दुकानात ऐकू जाते. मी नळी कानात घालून दुसरं टोक थेट फेसात धरलं. काही नाही. म्हटलं नळी तुंबली असेल. फुंकून बघितली, मोकळी होती. नळी टाकून कानच पाइपाला लावला. कान साबणाने ओला झाला. काही नाही. बुडबुडे माझ्या डोळ्यांदेखत येत होते, फुगत होते, फुटत होते, आणि जणू काचेपलीकडे चाललंय सगळं.

सिलिंडर बघितला, दाब भरपूर. त्याची तोटी उघडून हवेत सोडली. पुढे धरलेलं फडकं ताठ झालं. मला फक्त खालून कुठूनतरी घों असं काहीतरी आलं.

मग मी ती मुकी चिमणी अडगळीतून काढली. गॅसच्या डब्यापुढे धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या पोटावर, आवाजाच्या जाळीवर ठेवलं. जाळी थरथरत होती. ती ओरडत होती. किती मोठ्याने, ते मला माहीत नाही.

मी स्टुलावर बसून राहिलो. त्या शुक्रवारी चूप म्हटलं तेव्हा केकवाली ज्या स्टुलावर बसली होती, त्याच. तिथून तो पाइप हातभर अंतरावर आहे. तिने बोट वर केलं होतं.

सोमवार, २७ एप्रिल

नाजूकला पट्टीखालचं भोक दाखवलं आणि विचारलं, त्या दिवशी ऐकू आलं होतं का?

"आलं होतं मिस्त्री."

"मग बोलला का नाहीस?"

"चूप होतं ना."

"आणि मी झालं म्हटल्यावर?"

"तुम्ही झालं म्हटल्यावर... झालंच ना मग," नाजूक म्हणाला. "इतकी वर्षं तसंच आहे."

मी त्याला इतकं बोललो, इतकं बोललो की मलाच धाप लागली. एवढा धिप्पाड माणूस, कानाशी शिट्टी वाजतेय, समोर म्हातारा बाप्या नळी घेऊन नाचतोय, आणि हा छत बघतो! केकवालीला फोन करून विचारलं, ती ओरडून म्हणाली, "मला वाटलं तो आवाज यायचाच असतो! सगळे एवढे शांत उभे होते, मला काय कळतंय त्यातलं?" म्हणजे शेडमधल्या प्रत्येकाला ऐकू आलं, ज्याने ऐकायचं तो सोडून. आणि सगळे माझ्या नियमाने तोंड शिवून उभे.

वर नाजूक जाता जाता म्हणतो, "तो शिंकणारा आठवतो ना मिस्त्री."

मंगळवार, २८ एप्रिल

हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ही समोर बसली होती. समोर का बसते ते आत्ता कळलं, तोंड दिसावं म्हणून. मी खुळा, रुसलीय समजत होतो.

"सगळ्यांनाच माहीत होतं," ही म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. मागच्या थंडीत. म्हटलं, अहो, तुम्हाला हल्ली ऐकू कमी येतं, एकदा दाखवून येऊ. तुम्ही म्हणालात, बरं, उद्या घेऊन येतो."

मला हसू आलं नाही. तिला आलं, मग तिचे डोळे भरले, मग ती पदराने तोंड पुसत उठून गेली. एवढ्यावर सोडायचं? परत सांगायचं, ओरडून सांगायचं, पाटीवर लिहून गळ्यात बांधायचं! बायकोने नाही सांगायचं तर कुणी सांगायचं माणसाला? सगळ्यांनी मिळून मला सांभाळून घेतलं. मी काय काचेचं भांडं आहे? माझा कान गेला ते गेलं, पण तो गेल्याची बातमी सगळ्या गावाला आणि मलाच नाही, याचा मला जास्त संताप येतो.

गुरुवार, ३० एप्रिल

शोरूममध्ये गेलो. दारातल्या पोरीने नंबराचा कागद दिला आणि काचेच्या खोलीत बसवलं. मासिक वाचलं. शेवटी धाकटी आली, निळ्या गणवेशात. मला बघून आधी घाबरली, हिचं काही झालं की काय म्हणून.

मी म्हटलं, "पट्टीखाली होतं. पाइप घासला होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. माझ्या तोंडासमोर तोंड आणून, सावकाश. "मी त्या दिवशी तुम्हाला तेच सांगितलं. पट्टीखाली आवाज येतोय म्हटलं. केकवाली समोर होती म्हणून हळू म्हटलं. तुम्ही म्हणालात, रिंग तूच घातलीस ना."

 मग विचारलं, "संध्याकाळी मागे थांबायचीस ते?"

"तुमच्या गाड्या परत तपासायची."

"कधीपासून?"

तिने बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं, म्हणजे बरेच दिवस. म्हणजे कानमिस्त्री म्हणून लोक ज्याला नमस्कार करत होते तो घरी जाऊन जेवत होता आणि खरा कानमिस्त्री मागे अंधारात बॉनेट उघडत होता. मी म्हटलं, "चोरून माझी कामं करायची आणि मला कळू द्यायचं नाही, हा कुठला न्याय?" काचेच्या खोलीतले सगळे बघायला लागले. माझा आवाज मोठा झाला असेल. हल्ली होतो म्हणे.

ती म्हणाली, "मला वाटलं, तुमचं तुम्हाला कळेल. मग वाटलं, कळलं तर तुम्ही शेड बंद कराल. मग वाटलं, बघू उद्या. आणि मग तुम्ही सगळ्यांसमोर मला घालवलंत, बाबा. तेव्हा तरी मी ओरडून सांगायला हवं होतं, नाही सांगवलं."

"चल परत," मी म्हटलं.

तिने विस्कटलेली मासिकं नीट लावली. "येईन. एका अटीवर. चूप तुम्ही म्हणा. झालं मी म्हणणार."

मी उठून आलो.

शनिवार, २ मे

अट घालते! बापाला! माझी शेड, माझा नियम, माझा शब्द, आणि "झालं" ती म्हणणार. मग मी काय करायचं, नुसता आरडाओरडा करून पंखा बंद करवायचा? दोन दिवस माझं डोकं तापलेलं आहे. नाजूकला सांगितलं तर तो म्हणाला, "बरोबर आहे की." त्याच्याशीही बोलणं बंद.

आज हिच्याबरोबर कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कानांवर डबडी बसवली आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणाल्या. मी बटण हातात धरून बसून राहिलो. बराच वेळ काही सुरूच होईना. म्हणून विचारलं, सुरू कधी करणार? बाईंनी हिच्याकडे बघितलं. सुरू होऊन झालं होतं. बारीक, वरचे आवाज गेलेत, जाडे शाबूत आहेत, असं म्हणाल्या. वर्षानुवर्षं हवेच्या पंपाशेजारी उभं राहिल्याने होतं म्हणे. यंत्र बसवतील, पण नायट्रोजनची सूं त्यात पूर्वीसारखी येईलच असं नाही. मी म्हटलं, मग काय उपयोग? तर म्हणाल्या, बायकोचं बोलणं ऐकू येईल. ही कसली हसली!

घरी येऊन शेडच्या किल्ल्या हातात घेऊन बसलो. मी स्वतःलाच विचारलं, की माझं नेमकं काय जातंय? कान तर गेलाच आहे. राहिलाय तो एक शब्द. आणि तो शब्द बरेच दिवस मी खोटाच म्हणत होतो, हे मला लिहायला आवडत नाही, पण डॉक्टरांनी कागदावर उतरवा म्हटलंय.

धाकटीला निरोप पाठवला. एकच ओळ: सोमवारी तुझी सुट्टी असते ना, ये.

सोमवार, ४ मे

आली. स्वतःचे जुने कपडे घालून आली, हे मी बघून घेतलं.

नवा पाइप मी आणि नाजूकने कालच बसवला होता, पट्टीखाली रबराची जाड गुंडाळी घालून. केकवालीलाही बोलावलं होतं. कुणीतरी दुसऱ्याने सांगायला हवं होतं ना तिला, मग ऐका म्हटलं.

नायट्रोजन भरला. "चूप!" म्हणालो. आवाज शेडभर गेला असावा, नाजूक दचकला. पंखा थांबला. नळीचं कानाकडचं टोक मी धाकटीच्या हातात दिलं. दुसरं माझ्याकडे ठेवलं. पाइपांवरून कसं फिरायचं, कुठे थांबायचं, ते अजून माझ्याइतकं कुणाला येत नाही, ते मी कुणाला देणार नाही. मी फिरवत होतो आणि तिच्या तोंडाकडे बघत होतो. नव्या पाइपावर तिचा चेहरा जसाच्या तसा. पट्टीपाशी जसाच्या तसा. पुढे आलो. कॉम्प्रेसरच्या सांध्यापाशी तिची डावी भुवई वर गेली.

मी थांबलो. थोडा मागे, थोडा पुढे. भुवई खाली, भुवई वर. साबण लावला. बऱ्याच वेळाने एक बुडबुडा आला, मोहरीएवढा.

धाकटी लाल झाली. "ही रिंग माझी," ती म्हणाली. "पिळली गेलीय."

"म्हटलं होतं की नाही मी!" मी ओरडलो. सगळ्यांसमोर ओरडलो, चूप माझंच मोडून. "पहिल्या दिवसापासून म्हणत होतो! कुणी ऐकलं नाही माझं!" केकवाली आधी दचकली आणि मग तोंडावर हात धरून हसायला लागली. धाकटी म्हणाली, "हो बाबा. अर्धी गळती तुमची, अर्धी माझी." अर्धी कसली, मोहरीएवढी होती. पण मी ते बोललो नाही.

तिने रिंग बदलली, तेल लावून, माझ्यासमोर. परत नायट्रोजन. परत चूप. पुढून मागे, मागून पुढे, मी नळी फिरवली, आणि या खेपेला तिच्या चेहऱ्यावर कुठेही काही हललं नाही. मग दाबाच्या काट्याकडेही चांगला वेळ काढून बघितलं. गेज नवा नाही, तोच जुना. तसूभर ढळला नाही.

धाकटीने नळी कानातून काढली आणि सरळ उभी राहिली. नाजूक तिच्याकडे बघत होता, केकवाली तिच्याकडे बघत होती. माझ्या जिभेवर शब्द आला होता, इतक्या वर्षांची सवय. दातांखाली धरून ठेवला. ती माझ्याकडे वळली, तोंड मला दिसेल असं धरलं आणि म्हणाली, "झालं."

ऐकू आलं नाही. दिसलं. मग नाजूकने धावत जाऊन पंखा लावला. त्याची घरघर मला अजून चांगली ऐकू येते.